खापरपणज्याचा माग आणि लिव्हरपूलचा भाव



आपल्या भाषणात एक वाक्य हमखास येतं. 'हजारो वर्षांची गुलामी.' वाक्य खोटं नाही, ते ठासून बोललंच पाहिजे. पण त्या वाक्यात आपला आजा, पणजा, खापरपणजा नेमका कुठं उभा आहे, हे कोणाला सांगता येत नाही. हजारो वर्षं म्हटलं की सगळा एकच काळा गोळा होतो. त्याला सन नाही, महिना नाही, गाव नाही. राजेरजवाड्यांना सन आहेत. पानिपत १७६१, पेशवाई बुडाली १८१८. आपल्याला मात्र 'हजारो वर्षं' आणि मग एकदम महाड, १९२७. मधल्या काळात आपली माणसं काय गावकुसाबाहेर दगडासारखी पडून होती? त्यांच्यात कोणाचा धंदा बुडाला नाही, कोणी गाव सोडलं नाही, कोणाला महागाईनं मारलं नाही?

ज्याला सन नाही त्याच्याबद्दल कोणीही काहीही लिहू शकतो. प्रस्थापितांनी तेच केलं. मेलेली ढोरं ओढणारा, येसकर, भाकरी मागणारा, एवढ्यात आपला बाप संपवला. कॉलेजात एखादा पांढरपेशा पोरगा विचारतो, तुमच्या बापजाद्यांनी या देशात केलं काय? तेव्हा आपली पोरं कोरेगावचं नाव घेतात. घ्यावंच. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्वतः त्या स्तंभापाशी गेले होते. पण कोरेगावच्या लढाईत सगळ्यांचेच पणजे नव्हते. माझा तर नव्हताच. तो वर्धा नदीच्या या बाजूला, हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहणाऱ्या माणसांचा वंश. आणि नागलोकांचा इतिहास बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितला, तो आपला दूरचा वारसा. मी जवळचं बोलतो आहे. आजीच्या तोंडून ऐकता येईल आणि सरकारी दप्तरात बोट ठेवून दाखवता येईल, इतकं जवळचं.

आपल्या विदर्भात यासाठी एक साधन पडून आहे. कोतवाल पंजी. काही लोक कोतवाल बुक म्हणतात. जुन्या मध्य प्रांतात गावातल्या जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर नेण्याचं काम कोतवालाकडे होतं, आणि कोतवाल बहुतेक गावी महार. त्याला स्वतःला लिहिता येत नसे. तो पंजी काखेत मारून ठाण्यावर जाई, तोंडानं सांगे, मुन्शी लिहून घेई. म्हणजे गावातल्या पाटलाच्या पोराचा जन्म सरकारात दाखल व्हायचा तो महाराच्या स्मरणशक्तीवर. ज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, तो अख्ख्या गावाचा चालता दप्तरखाना होता. यावर आजवर एकाही विद्वानानं आपल्या कोतवालाचे आभार मानलेले माझ्या वाचनात नाहीत.

आज जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणून आपली पोरं या पंजीची नक्कल काढतात. नक्कल जोडली, दाखला मिळाला, कागद फायलीत गेला. पणज्याचं नाव एकदा साहेबाला दाखवलं की त्याचं काम संपलं! माझ्या पुतणीच्या दाखल्यासाठी काढलेल्या नकला मी मागून घेतल्या. त्यातल्या तीन नोंदी सांगतो. नावं सांगत नाही. तुमच्या पंजीतही तसलीच नावं निघतील, धोंड्या, कचऱ्या, उकंड्या.

मे १९००, पुरुष, मृत्यू, कारण पटकी. हा माझा खापरपणजा.

नोव्हेंबर १९१८, नऊ दिवसांत तीन नावं. एक म्हातारी, एक पुरुष, एक लहान मुलगी. तिघांचंही कारण एकच, ताप. म्हातारी ती माझी खापरपणजी, पुरुष तो तिचा मुलगा, म्हणजे माझा पणजा, आणि मुलगी त्याची धाकटी.

तिसरी नोंद जन्माची आहे, १८९७ ची. बापाचं नाव, जात, आणि पुढं फक्त 'मुलगी'. तिला नाव ठेवायच्या आतच खबर ठाण्यावर गेली असणार.

बस. एवढाच माझा बखरखाना. आता याला जोडून आजीचं बोलणं. आजी १९१७ साली लग्न होऊन या घरात आली. वय बारा-तेरा. म्हणजे खापरपणजी तिला वर्षभर तरी बघायला मिळाली. आजी सांगायची:

'मी नवरी होऊन आली तवा घरात माग नोता. मागाचा गड्डा होता. त्यात कोंबड्या आंडे देत. आजेसासूले इचारलं का माग कुठी गेला, त म्हने पोटात गेला.'

लहानपणी आम्हाला हे ऐकून हसू यायचं. माग पोटात कसा जाईल?

आधी हे समजून घ्या की तो माग तिथं होताच का. आपल्या पोरांना वाटतं महार म्हणजे फक्त गावकी. नागपूर-वर्ध्याकडं तसं नव्हतं. इकडं महार विणकर होता. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातींवर मोठा ग्रंथ छापला, त्यातही गावकामाबरोबर जाडंभरडं कापड विणणं हा महारांचा धंदा म्हणून आला आहे. कोष्ट्याचं कापड रेशीमकाठी, नागपूरच्या बाजारात मिरवणारं. महाराचं कापड कुणब्या-तेल्याच्या अंगावरचं. पासोडी, पंचा, जाड लुगडं. बाया सरकी काढून रुई करायच्या, पेळू वळायच्या, चातीवर सूत काढायच्या. गडी माणसं ताणा लावायची, पांजण करायची, खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकायची. महाराची सावली पाटलाला बाटवायची. महारानं विणलेली पासोडी मात्र थंडीच्या दिवसांत त्याला बाटवत नव्हती. बाटाबाटीचं शास्त्र असं सोयीचं असतं.

हे काही सुखाचं चित्र नाही. माग असलेला महारही गावकुसाबाहेरच राहत होता, वेठीलाही जात होता. पण त्याच्या हातात एक कसब होतं, घरात एक अवजार होतं आणि बाजाराच्या दिवशी विकायला स्वतःचा माल होता. सालभर एकाच्याच दारात राबण्याची सक्ती त्याला नव्हती. माझं म्हणणं आहे की आपल्या भागातल्या महाराचा शेतमजूर झाला, तो 'हजारो वर्षां'पूर्वी नाही. तो एका पिढीत झाला, आणि त्याची कारणं सांगता येतात, सन सांगता येतात. ती कारणं आमच्या गावच्या पाटलापाशी संपत नाहीत. ती हिंगणघाटावरून मुंबईला, तिथून लिव्हरपूलला आणि समुद्र ओलांडून मिसिसिपी नदीच्या काठापर्यंत जातात.

हिंगणघाट नाव घेतलं म्हणून एक सांगतो. या गावात विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रजाचं थडगं आहे. २० जानेवारी १८२३ ला तो इथं मेला. सबंध हिंदुस्थान दक्षिणेकडून उत्तरेकडं त्रिकोण टाकत मोजत आणणारा हा माणूस, हैदराबादेकडून नागपूरला निघाला होता. जगातल्या सर्वांत उंच शिखराला ज्याचं नाव दिलं तो एव्हरेस्ट याचा सहायक. पृथ्वी नेमकी किती गोल आहे हे कळायला याच्या मोजणीचा उपयोग झाला. इतकं मोठं जग आपल्या तालुक्यातून चालत गेलं. सायबाचा तळ एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायचा तर वेठीला कोणाला धरत, हे तुम्हाला सांगायला नको. जगाच्या इतिहासाशी आपला काय संबंध, असं विचारणाऱ्याला एवढं उत्तर पुरे. पण खरा संबंध कापसाचा.

नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ साली खालसा झालं. डलहौसीनं तेव्हा लिहिलेल्या टिपणात इथल्या उत्तम कापसाची गोष्ट आहे. इंग्लंडातल्या गिरण्यांना कापूस पाहिजे होता. त्यांच्या कापसाचे चारातले तीन भाग अमेरिकेतून यायचे आणि तो कापूस पिकवायचे काळे गुलाम. १८६० च्या सुमारास अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती. माणूस बाजारात उभा करून, दात बघून विकला जात होता. मँचेस्टरचं सगळं वैभव त्या माणसांच्या पाठीवर उभं होतं.

एप्रिल १८६१ मध्ये तिथं यादवी पेटली. दक्षिणेतल्या गुलाममालकांची बंदरं उत्तरेच्या आरमारानं अडवली. लँकेशायरला कापूस येईना. गिरण्या थंड, मजूर उपाशी. आणि इथं लक्ष द्या, ते उपाशी मजूर काय करतात? १८६२ च्या अखेरीस मँचेस्टरच्या मजुरांनी सभा घेऊन लिंकनला पत्र धाडलं की आमच्या पोटाला चिमटा बसला तरी चालेल, गुलामी मोडा. लिंकननं जानेवारी १८६३ मध्ये त्यांना आभाराचं उत्तर दिलं. आणि गुलाम स्वतः गप्प बसले नव्हते. मळे टाकून ते पळाले, उत्तरेच्या छावण्यांत गेले, सुमारे १ लाख ८० हजार काळी माणसं सैन्यात भरती होऊन लढली. ड्यू बॉईस या काळ्या पंडितानं १९३५ साली आपल्या ग्रंथात याला गुलामांचा सार्वत्रिक संप म्हटलं. याच ड्यू बॉईसला १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले निग्रो आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांकडं नेत आहेत हे त्यांनी वाचलं होतं, आणि त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती.

तर तिकडं गुलामांनी कापसाला हात लावायचं सोडलं आणि इकडं आमच्या तालुक्यात कापसाला सोन्याचा भाव आला. १८६१ ला मध्य प्रांत झाला, १८६२ ला नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. पुढं १८६६ ला पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवलं आणि १८६७ ला मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. हे सगळं सहा वर्षांत. या घाईमागं कापूस होता. हिंगणघाट हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका जातीचं नाव म्हणून चालायचं. बनी कापूस, मऊ आणि लांब धाग्याचा. ज्या गावाचं नाव आपल्याला नागपूरच्या पलीकडं कोणी ओळखेल असं वाटत नाही, ते नाव विलायतेतले दलाल रोज उच्चारत होते.

पैसा कोणाला मिळाला? मालगुजाराला, सावकाराला, मुंबईच्या व्यापाऱ्याला. बैलगाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवल्याच्या गोष्टी त्या काळच्या सायबांनी लिहून ठेवल्या आहेत. आपल्या इतिहासाची पुस्तकंही इथंच थांबतात. कापसाची तेजी, शेतकऱ्याची चैन, १८६५ ला लढाई संपली, मुंबईत शेअर बुडाले, प्रेमचंद रायचंदचं दिवाळं. पण महारवाड्यात काय झालं ते विचारा. महाराला कापूस विकायचा नव्हता, त्याला तो घ्यायचा होता! खापरपणजीच्या चातीला रुई पाहिजे होती. लिव्हरपूलनं भाव चढवला तसा गावातला कापूस तिच्या हाताबाहेर गेला. सूत महाग, कापड महाग, गिऱ्हाईक बंद. हा पहिला मार.

दुसरा मार उलट बाजूनं आला. आगगाडी आली तशी कापूस घेऊन गेलेली वाघीण विलायती कापडाचे गठ्ठे घेऊन परत येऊ लागली. १८६९ ला सुएझचा कालवा उघडला, वाट आखूड झाली. १८७० ला समुद्राखालून मुंबई-विलायत तार जोडली, तिथला भाव इथं वेळेवर कळू लागला. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटकडं रेल्वेचा फाटाही झाला. आधी कापूस महाग करून मारलं, मग कापड स्वस्त करून मारलं.

कोणी म्हणेल हा तर व्यापार, यात कोणाचा दोष? दोस्तहो, हे आपोआप झालं नाही. हे ठरवून केलं, आणि ठरवणाऱ्यानं ते लिहूनही ठेवलं. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक नावाचा साहेब होता. वर्धा जिल्ह्याची जमाबंदी यानंच केली, आणि मग तो मध्य प्रांत-वऱ्हाडचा कापूस कमिशनर झाला. कापूस खात्याच्या १८६८-६९ च्या अहवालात त्यानं आशा व्यक्त केली आहे. तिचा मतलब असा. रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग आज जो कापूस इथंच सूत होऊन खपतो तो बाहेर पाठवायला मिळेल. आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली मोठी वस्ती शेतमजुरीसाठी मोकळी होईल, जंगल तुटेल, पेरा वाढेल.

हे मी तीनदा वाचलं. माझा खापरपणजा जगाच्या इतिहासात कुठं सापडला म्हणाल तर इथं सापडला. त्याचं नाव नाही. तो 'मोकळी होणारी वस्ती' आहे. मजूर करायचं आधी ठरलं, मजूर मागून झाला. हाच साहेब पुढं गाझीपूरला अफूच्या खात्याचा बडा अधिकारी झाला, म्हणजे चीनच्या माणसाचं नशीबही याच टेबलावरून गेलं. निवृत्तीनंतर त्यानं आठवणींचं पुस्तकही छापलं. त्याला आठवणी आहेत, आम्हाला पंजीतली एक ओळ.

पण सगळा दोष इंग्रजाच्या माथी मारून इथले लोक हात धुऊन मोकळे होतात, ते चालणार नाही. माग बुडाला तो कोष्ट्याचाही बुडाला, महाराचाही. पण माग बुडालेला महार जाईल कुठं हे ठरवलं इथल्या जातीनं. जमिनीची मालकी नव्या जमाबंदीत मालगुजाराला गेली, महारवाड्याला कुठून मिळणार? दुकान टाकलं तर मीठसुद्धा त्याच्या हातचं कोण घेणार? मग उरलं काय? पाटलाचं वावर. माझा पणजा सालदार झाला. गिरणीचा तरी रस्ता होता ना, असं कोणी म्हणेल. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. आपली शेकडो माणसं तिथं गेली, नागपूरच्या महारवस्त्या त्यातून वाढल्या. पुढं आपली चळवळ ज्या बळावर उभी राहिली त्यात गिरणीच्या पगाराचा वाटा आहे. पण मुंबईत काय होतं? तिथल्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढून काढावा लागतो, थुंकी लागते, दुसऱ्याला बाट होतो! पिढ्यान् पिढ्या विणणाऱ्याला विणाई खात्यात बंदी. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढं हाच प्रश्न टाकला होता. भांडवलशाही जात मोडते असं पुस्तकात वाचून बोलणाऱ्यांनी तो धोटा एकदा हातात घेऊन बघावा.

अमेरिकेतही पुढं काय झालं ते बघा. १८६५ ला गुलामी कायद्यानं गेली. जमीन दिली नाही. मोकळा झालेला गुलाम त्याच मालकाच्या रानात अर्धेलीनं कापूस करू लागला आणि दुकानाच्या उधारीत बुडाला. तिकडं तो, इकडं पणजा. दोघांच्याही हातात कापूस, दोघंही 'मोकळे', दोघांनाही जमीन नाही. मात्र दोन्ही दुःखं एकाच मापानं मोजू नका. आपल्या माणसाचा लिलाव झाला नाही. आणि त्यांना विहिरीवर पाणी भरताना देव बाटला म्हणून कोणी मारलं नाही, त्यांना मारायची कारणं वेगळी होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा त्यांना हा धागा दिसला होता. १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं, तेव्हा लोक म्हणाले ही परदेशी नक्कल. नक्कल कसली? त्यांनी मळे सोडले तेव्हा आमची चात थांबली. हा संबंध नाव घेण्याच्या शंभर वर्षं आधीचा आहे.

आता 'पोटात गेला' याकडं येऊ. १८९६-९७ ला दुष्काळ, आणि सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० ला त्याहून मोठा. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. दाणा बाजारात होता, विकत घ्यायला पैसा नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात साम्राज्यानं दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी लढाई काढली होती. लढाईला पैसा होता, इथं खडी फोडायच्या कामावर मोजून मापून दाणे. दुष्काळामागून पटकी. मे १९००, पंजीतली नोंद. त्या उन्हाळ्यात कधीतरी मागाची लाकडं, फणी, सगळं गेलं. कोणी म्हणे विकलं, कोणी म्हणे जाळलं. बहुतेक दाण्यावरच गेलं असावं, कारण म्हातारीनं 'पोटात' हाच शब्द वापरला. तिनं रिव्हेट-कार्नॅकचा अहवाल वाचला नव्हता, पण तो तिच्याच घरात पुरा झाला.

ती म्हातारी १९१८ ला गेली. कारण, ताप. त्या साथीला आपल्याकडं मानमोडी म्हणत. युरोपात पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. त्या उन्हाळ्याअखेर जहाजांबरोबर ही साथ मुंबईला उतरली आणि आगगाडीबरोबर आत आली. हिंदुस्थानात एक कोटीवर माणसं मेली, आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हा सर्वांत जास्त मार बसलेल्या मुलखांपैकी. ज्या रुळांनी कापूस नेला आणि कापड आणलं त्याच रुळांनी ताप आणला. आजी सांगायची, 'तिरडीले बांबू नोते. तिघायलेही एकाच गाडीवर नेलं.' ठाण्यावर खबर द्यायला गेलेला कोतवाल आमच्याच भावकीतला, त्याच्याही घरात दोन आजारी होते. मुन्शीनं 'ताप' लिहिलं. त्या दोन अक्षरांत एक महायुद्ध आहे. आपल्या पंजीत १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं काढून बघा, 'ताप' हा शब्द वरून खालपर्यंत उतरत गेलेला दिसेल.

माझा आजा त्यातून वाचला. हिंगणघाटात जिनिंगवर लागला. रुईच्या धुळीनं जन्मभर खोकला. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, कापसाचा भाव पडला, जिन महिनोन् महिने बंद. आणि नेमक्या याच काळात आपल्या जिल्ह्याला जगात नाव मिळालं, ते चरख्यामुळं! १९३४ ला ग्रामोद्योग संघाचं ठाणं वर्ध्यात पडलं, १९३६ ला गांधीजी शेगावला राहायला आले, त्याचं पुढं सेवाग्राम झालं. आज जगातून माणसं तो चरखा बघायला येतात. १९२८ ला वर्ध्याचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ जमनालाल बजाजांनी अस्पृश्यांना उघडलं, तेही पुस्तकात आहे. मला देवळाचं काही बोलायचं नाही. चरख्याचं बोलायचं आहे. ज्या जिल्ह्यात माझ्या खापरपणजीची चात बंद पाडली, त्याच जिल्ह्यात साठ-सत्तर वर्षांनी सूत कातणं हे पुण्य म्हणून शिकवायला आले. शिकवायला आले कोणाला? आम्हाला. ही वस्ती कधीकाळी सबंध मुलखाचं कापड विणत होती, हे त्या शिकवणाऱ्यांपैकी कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. शिवाय आज्याला सूत नको होतं. त्याला पगार, शाळा आणि पाणी पाहिजे होतं.

जुलै १९४२ मध्ये त्यानं निवडही केली. १४ जुलैला काँग्रेसच्या कार्यकारिणीनं वर्ध्यात इंग्रजांनी चालतं व्हावं असा ठराव केला. आमच्या खेड्याहून वर्धा जवळ. पण आजा चार दिवसांनी नागपूरला गेला, तीन गड्यांबरोबर, जिनिंगची मजुरी बुडवून. १८ ते २० जुलै, बाबासाहेबांची परिषद, जिथं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं आणि शिका, चळवळ करा, संघटित व्हा हे बोल ऐकायला मिळाले. शेवटच्या दिवशी बायांची वेगळी परिषद झाली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. आजीला नेलं नाही, याचा राग तिला मरेपर्यंत होता. 'मले कोंबड्या राखाले ठेवलं,' म्हणायची. १९५६ ला मात्र ती कोणाचं ऐकली नाही. १४ ऑक्टोबरला नागपूरला गेली, आणि आल्यावर मागाचा गड्डा मातीनं भरून त्यावर सारवलं. देव्हारा मोडला तेव्हा उरलेले दगडही त्यातच टाकले म्हणे.

तर दोस्तहो, काम असं आहे. तुमच्या घरी दाखल्यासाठी काढलेली पंजीची नक्कल असेल. ती फायलीतून काढा. प्रत्येक नोंदीपुढं सन आहे, त्या सनात जगात काय चाललं होतं ते शेजारी लिहा. १९००, १९१८, १९४३ ही पानं आधी बघा. मग घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि बाईलाच विचारा. गडी माणसं कोण कुठल्या मोर्चात होतं ते सांगतात. घरात कुठलं अवजार होतं, ते कधी गेलं, कशाच्या बदल्यात गेलं, हे बायांना माहीत असतं. पुलगाव, आर्वी, देवळी, सिंदी, समुद्रपूर, कुठलंही गाव असो. माग होता का, तो केव्हा थांबला, एवढं तरी विचाराच. गावाचं नाव आणि सन घालून या अंकाकडं पाठवा. अक्षर वाईट असलं तरी चालेल, स्टेन्सिल आम्ही कापू. आणि पंजीत जिथं नुसतं 'मुलगी' लिहिलं आहे, तिथं तिचं नाव कोणाला आठवत असेल तर ते आधी लिहा.